रिपोर्टमधले दोन आकडे: किडनी सोडियम आणि पोटॅशियम कसं सांभाळते

रक्ताच्या रिपोर्टवर सोडियम १२८ आलं की पहिला उपाय सुचतो तो जेवणात मीठ वाढवण्याचा. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो. सोडियमचा आकडा कमी आला म्हणजे शरीरात मीठ कमी आहे असं नाही. पाय सुजलेल्या, फुप्फुसांत पाणी साठलेल्या हृदयरुग्णाच्या शरीरात मीठ गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतं आणि तरीही रिपोर्ट १२८ दाखवू शकतो. पोटॅशियमची तऱ्हा वेगळी. त्याचा आकडा ४ वरून ७ वर गेला तर हृदय थांबू शकतं, पण या आकड्यात शरीरातल्या एकूण पोटॅशियमपैकी जेमतेम दोन टक्केच मोजलेलं असतं. हे दोन्ही आकडे नीट वाचायचे असतील तर किडनी काय करते ते कळायला हवं. विषय किचकट आहे खरा, पण क्रमाने गेलं तर सहज उलगडतो.

पेशीच्या आत आणि बाहेर

शरीरातलं सुमारे दोन तृतीयांश पाणी पेशींच्या आत असतं. उरलेलं बाहेर, म्हणजे रक्तात आणि पेशींच्या मधल्या फटींत. सत्तर किलो वजनाच्या माणसात हे बाहेरचं पाणी साधारण १४ लिटर भरतं. त्यात लिटरमागे सोडियम १४० मिलिमोल (मिलिमोल म्हणजे कणांची संख्या मोजण्याचं एकक) आणि पोटॅशियम फक्त ४. पेशीच्या आत नेमकं उलट: पोटॅशियम १४० च्या आसपास आणि सोडियम १० ते १५. काही रिपोर्टवर मिलिमोलऐवजी मिलिइक्विव्हॅलंट लिहिलेलं असतं. या दोघांच्या बाबतीत आकडा तोच राहतो.

हा फरक टिकवतो प्रत्येक पेशीच्या आवरणात बसलेला एक पंप. तो एका फेरीत तीन सोडियम बाहेर काढतो, दोन पोटॅशियम आत घेतो आणि त्यासाठी एटीपीचा, म्हणजे पेशीच्या इंधनाचा, एक रेणू खर्च करतो. डेन्मार्कच्या येन्स स्कौ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या नसांवर काम करताना तो शोधला आणि त्याबद्दल १९९७ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. हा पंप लक्षात ठेवा. किडनीतली जवळजवळ सगळी कामं याच इंजिनावर चालतात.

आत-बाहेरच्या पोटॅशियमचं गुणोत्तर साधारण ३५ ला १ असतं. स्नायू, नसा आणि हृदय यांच्या पेशींवरचा विद्युतभार मुख्यतः या गुणोत्तरावर ठरतो. आता गंमत बघा. आतल्या १४० मध्ये ४ ची भर पडली तर काहीच बिघडत नाही. तेच ४ मिलिमोल बाहेरच्या लिटरमागे वाढले की गुणोत्तर थेट निम्म्यावर येतं आणि हृदयाची लय विस्कटते. म्हणून पोटॅशियमसाठी ३.५ ते ५ एवढी अरुंद पट्टी सांभाळावी लागते. सोडियमची भूमिका दुसरी आहे. ते बाहेरच्या पाण्याला बाहेरच धरून ठेवतं. शरीरात सोडियम किती आहे यावर रक्ताचं आकारमान आणि पर्यायाने रक्तदाब ठरतो.

आधी सगळं गाळायचं, मग परत घ्यायचं

दोन्ही किडन्या मिळून वजन साधारण ३०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तरी हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाचवा भाग त्यांच्याकडे जातो. प्रत्येक किडनीत सरासरी दहा लाख नेफ्रॉन असतात. नेफ्रॉन म्हणजे सुरुवातीला केशवाहिन्यांचा एक गुच्छ आणि त्याला जोडलेली लांब, वळणावळणाची नळी. गुच्छातून गाळलेलं पाणी नळीत उतरतं. मिनिटाला साधारण १२५ मिली, म्हणजे दिवसाला १८० लिटर.

या १८० लिटरमध्ये सुमारे २५,००० मिलिमोल सोडियम असतं. मिठाच्या भाषेत सांगायचं तर जवळजवळ दीड किलो मीठ रोज गाळलं जातं. दिवसाला १० ग्रॅम मीठ खाणाऱ्या माणसाच्या लघवीतून १७० मिलिमोलच्या आसपास सोडियम जातं. म्हणजे गाळलेल्यातलं ९९ टक्क्यांहून जास्त परत घेतलं गेलं. परत घेण्यात फक्त एक टक्क्याची चूक झाली तरी दिवसाला सुमारे १५ ग्रॅम मीठ वाया जाईल किंवा अंगात साठेल. एवढी अचूकता एका पायरीत साधत नाही. म्हणून नळी टप्प्याटप्प्याने काम करते: आधी ढोबळ, शेवटी बारीक.

पहिला वळणदार भाग सुमारे ६५ टक्के सोडियम परत घेतो. पेशीच्या रक्ताकडच्या बाजूला आपला पंप सोडियम बाहेर फेकत असतो, त्यामुळे पेशीच्या आत सोडियम कमी राहतं आणि नळीतलं सोडियम आत शिरायला टपलेलं असतं. ते आत येताना ग्लुकोज, अमिनो आम्लं, फॉस्फेट यांना सोबत ओढून आणतं किंवा आत येण्याच्या बदल्यात हायड्रोजन बाहेर सोडतं. पाणी त्याच्या मागोमाग जातं आणि पाण्याबरोबर पोटॅशियमही. इथे फारसं काही ठरत नाही. मोठा वाटा घाऊक उचलला जातो, इतकंच.

पुढे हेन्लेचा पाश. त्याच्या वर चढणाऱ्या जाड भागात आणखी २५ टक्के सोडियम उचललं जातं, पण पाणी मात्र आतच राहतं, कारण या भागाच्या भिंतीतून पाणी जात नाही. एक सोडियम, एक पोटॅशियम आणि दोन क्लोराइड असे चौघे एकाच वाहकावर बसून आत येतात. गाळलेल्या पाण्यात पोटॅशियम फारच कमी असल्यामुळे वाहकाला ते लगेच अपुरं पडलं असतं. म्हणून पेशी आत आलेलं पोटॅशियम दुसऱ्या वाटेने पुन्हा नळीत सोडते आणि गाडी चालू राहते. फुरोसेमाइड हे लघवी वाढवणारं औषध हाच वाहक अडवतं. एकदम २५ टक्क्यांचा वाटा धोक्यात येतो, म्हणून त्याचा परिणाम तासाभरात आणि जोरात दिसतो.

त्यापुढच्या छोट्या वळणदार भागात ५ ते ७ टक्के सोडियम क्लोराइडच्या जोडीने परत येतं. हायड्रोक्लोरोथायझाइड आणि क्लोरथॅलिडोन या रक्तदाबाच्या गोळ्या इथे काम करतात. आकडा छोटा वाटतो, पण पोटॅशियमचं भवितव्य ठरण्यात या भागाचा हात मोठा आहे. त्याकडे पुन्हा यायचं आहे.

खरा निर्णय संग्राहक नलिकेत

संग्राहक नलिका म्हणजे या नळीचा शेवटचा टप्पा. आता नळीत फक्त तीन-चार टक्के सोडियम उरलंय. पोटॅशियमचा तर ९० टक्के भाग आधीच परत गेलाय. दिवसाला सुमारे ७२० मिलिमोल गाळलं गेलं होतं, त्यातलं इथवर थोडंच पोहोचतं. मग लघवीत रोज जे ६० ते ९० मिलिमोल पोटॅशियम दिसतं ते येतं कुठून? त्यातला मोठा भाग या शेवटच्या टप्प्यात पेशींनी मुद्दाम नळीत सोडलेला असतो. सोडियम आणि पोटॅशियममधला हा मूलभूत फरक आहे. सोडियम किती टाकायचं हे किडनी 'किती परत घ्यायचं नाही' यावरून ठरवते. पोटॅशियम मात्र ती बाहेर ढकलते.

कसं ढकलते? संग्राहक नलिकेतल्या मुख्य पेशींना नळीच्या बाजूने सोडियमसाठी दारं असलेली एक वाट असते. तिथून सोडियम एकटंच आत येतं, सोबत क्लोराइड लगेच येत नाही. धनभार आत गेल्यामुळे नळीतला द्रव ऋणभारित होतो. पेशीत पोटॅशियम भरपूर असतं, पोटॅशियमलाही धनभार असतो आणि त्याच्यासाठी वेगळी वाट उघडी असते. ऋणभाराच्या ओढीने ते नळीत उतरतं. म्हणजे इथे पोटॅशियम बाहेर जायचं असेल तर सोडियम आत यायला हवं. या एका वाक्यातून निम्म्याहून जास्त आजारांचं आणि औषधांचं कोडं सुटतं.

अल्डोस्टेरॉन हे अ‍ॅड्रिनल ग्रंथीचं संप्रेरक याच पेशींवर काम करतं. ते सोडियमची दारं वाढवतं, आधीची दारं पेशीने मोडून टाकू नयेत अशी व्यवस्था करतं, पंपांची संख्या वाढवतं. परिणाम दिसायला तासभर तरी लागतो, कारण त्यासाठी पेशीला नवी प्रथिनं बनवावी लागतात. १९५३ मध्ये सिल्व्हिया सिम्प्सन आणि जेम्स टेट यांनी ते वेगळं काढलं. दोन वर्षांनी जेरोम कॉन यांनी ग्रंथीतल्या गाठीमुळे अल्डोस्टेरॉन वाढलेल्या रुग्णाचं वर्णन केलं: रक्तदाब जास्त, पोटॅशियम कमी, स्नायू दुबळे. तरुण वयात उच्च रक्तदाब आणि सोबत कमी पोटॅशियम दिसलं की आजही या आजाराची तपासणी करायला हवी, आणि ती पुरेशी होत नाही.

इथे एक बारकावा सांगायलाच हवा. अल्डोस्टेरॉन ज्या ग्राहकाला (म्हणजे संप्रेरकाचा निरोप पकडणाऱ्या पेशीतल्या प्रथिनाला) चिकटतं त्याला त्याच ग्रंथीचं कॉर्टिसॉल हे संप्रेरकही तितकंच छान चिकटतं आणि रक्तात कॉर्टिसॉल शेकडो पटींनी जास्त असतं. मग ते सगळे ग्राहक बळकावत का नाही? कारण या पेशींत एक एन्झाइम कॉर्टिसॉलचं लगेच निष्क्रिय रूप करून टाकतं. ज्येष्ठमधातला ग्लिसिऱ्हायझिन हा घटक नेमका हेच एन्झाइम बंद पाडतो. रोज, आठवडेच्या आठवडे बरंच ज्येष्ठमध घेणाऱ्यांचा रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम इतकं घसरू शकतं की पायातलं बळ जातं. कमी पोटॅशियमचं कारण सापडत नसेल तर रुग्णाला ज्येष्ठमधाबद्दल विचारावं.

एकच संप्रेरक, दोन वेगळी कामं

अल्डोस्टेरॉन दोन कारणांनी वाढतं. एक, रक्ताचं आकारमान कमी झालं की. जुलाब, रक्तस्राव, घाम अशा वेळी किडनीतल्या धमनीवरचा दाब उतरतो, नळीतल्या एका खास ठिकाणी पोहोचणारं क्लोराइड कमी पडतं आणि सहानुभूती चेतासंस्था (धोक्याच्या वेळी शरीराला सज्ज करणारी) जागी होते. या तिन्ही खुणांनी किडनीतून रेनिन नावाचं एन्झाइम सुटतं, त्यातून अँजिओटेन्सिन दोन हे संप्रेरक बनतं आणि ते अल्डोस्टेरॉन वाढवतं. दुसरं कारण, रक्तातलं पोटॅशियम वाढणं. ते ग्रंथीला थेट कळतं, रेनिनची मध्यस्थी लागत नाही.

आता अडचण अशी की पहिल्या प्रसंगी मीठ वाचवायचंय पण पोटॅशियम गमवायचं नाहीये. दुसऱ्या प्रसंगी पोटॅशियम टाकायचंय पण मीठ साठवायचं नाहीये. संप्रेरक तर एकच. शरीरविज्ञानात हा अनेक वर्षं अडलेला प्रश्न होता. उत्तर मिळालं ते मघाच्या छोट्या वळणदार भागात. आकारमान कमी असताना अँजिओटेन्सिन दोन तिथला सोडियम-क्लोराइड वाहक जोरात चालू करतं. सोडियम तिथेच उचललं जातं, संग्राहक नलिकेपर्यंत थोडंच पोहोचतं आणि सोडियमच नसल्यामुळे पोटॅशियम ढकलायला ओढ उरत नाही. पोटॅशियम वाढलेलं असताना तोच वाहक मंद होतो. सोडियम पुढे सोडलं जातं, संग्राहक नलिकेत ते आत येतं आणि बदल्यात पोटॅशियम बाहेर पडतं. पुढे जाणारा प्रवाह वाढल्यामुळेही पोटॅशियमला आणखी एक वाट उघडते.

या वाहकाचं बटण डब्ल्यूएनके नावाच्या एन्झाइमांच्या साखळीकडे असतं आणि ती साखळी रक्तातल्या पोटॅशियमवर लक्ष ठेवून असते. पोटॅशियम कमी झालं की बटण चालू, मीठ परत घेतलं जातं. याचा अर्थ फार व्यावहारिक आहे. आहारात पोटॅशियम कमी असेल तर किडनी पोटॅशियम वाचवण्यासाठी मीठ साठवते आणि रक्तदाब वाढतो. रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सगळेच सांगतात. फळं, भाज्या, डाळी वाढवण्याचा सल्ला मात्र बहुतेक जण सजावटीसारखा ऐकतात. तो सजावट नाही. किडनीच्या दृष्टीने दोन्ही सल्ले एकाच वाहकावर येऊन मिळतात.

मीठ साठवण्याची यंत्रणा आहे तशी टाकण्याचीही आहे. १९८१ मध्ये अडॉल्फो दे बोल्ड यांनी उंदराच्या हृदयातल्या कर्णिकांचा (वरच्या कप्प्यांचा) अर्क दुसऱ्या उंदरांना टोचला आणि त्यांच्या लघवीतून सोडियम झपाट्याने जाऊ लागलं. रक्ताचं आकारमान वाढून कर्णिका ताणल्या की त्या स्वतःच एक संप्रेरक सोडतात आणि ते किडनीला मीठ टाकायला लावतं. हृदय हा संप्रेरक सोडणारा अवयव आहे हे तेव्हा पहिल्यांदा नीट सिद्ध झालं.

रिपोर्टवरचं सोडियम पाण्याबद्दल बोलतं

पुन्हा त्या १२८ कडे येऊ. रिपोर्ट सोडियमची संहती सांगतो, म्हणजे लिटरभर पाण्यात ते किती. एकूण किती ते सांगत नाही. एकूण मिठाचा हिशेब अल्डोस्टेरॉन, अँजिओटेन्सिन आणि हृदयाचं संप्रेरक सांभाळतात. संहतीचा हिशेब सांभाळतात तहान आणि मेंदूतून सुटणारं व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक. मेंदूतल्या काही पेशींना रक्ताच्या घट्टपणात एक-दोन टक्क्यांचा फरकही कळतो. रक्त घट्ट झालं की तहान लागते, व्हॅसोप्रेसिन सुटतं, संग्राहक नलिका पाणी परत घेते आणि लघवी पिवळीधमक होते. पाणी जास्त झालं की व्हॅसोप्रेसिन थांबतं आणि पाण्यासारखी लघवी होते.

खारट खाल्लं तर काय होतं बघा. मिठाने संहती किंचित वाढते, लगेच तहान लागते, माणूस पाणी पितो, संहती पूर्ववत. रिपोर्ट काढला तर सोडियम १४० च. पण शरीरात मीठ आणि पाणी दोन्ही वाढलेलं असतं. नऊ ग्रॅम मीठ शरीरात राहिलं तर त्यासोबत सुमारे एक लिटर पाणी राहतं आणि वजन एक किलोने वाढतं. सलाईनच्या बाटलीतही लिटरला नऊच ग्रॅम मीठ असतं. म्हणून अंगात मीठ वाढलंय का हे सोडियमच्या आकड्यावरून कळत नाही. वजन, पायांची सूज आणि रक्तदाब यांवरून कळतं. हृदयाच्या किंवा किडनीच्या रुग्णाने रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर वजन करावं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नसते.

आहारातलं मीठ अचानक वाढलं तर निरोगी किडनीलाही नवा तोल साधायला तीन ते पाच दिवस लागतात. तोवर वजन अर्धा-एक किलो वाढून स्थिरावतं. उलट बाजूला किडनीची कंजुषी थक्क करणारी आहे: मीठ जवळजवळ बंद केलं तर काही दिवसांत लघवीतलं सोडियम दिवसाला १० मिलिमोलच्याही खाली जातं.

मग सोडियम १२८ का येतं? बहुधा व्हॅसोप्रेसिन थांबायला हवं तेव्हा थांबत नाही म्हणून. हृदय कमजोर असेल, यकृत खराब असेल किंवा जुलाबांनी शरीर कोरडं पडलं असेल, तर मेंदूला रक्ताचं आकारमान कमी भासतं आणि तो संहतीकडे काणाडोळा करून पाणी धरून ठेवतो. फुप्फुसांचे काही आजार, मेंदूचे आजार, काही नैराश्याची आणि फिट्सची औषधं यांनीही व्हॅसोप्रेसिन उगाच सुटत राहतं. वयस्कर व्यक्तींमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, थायझाइड गटाची गोळी सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत सोडियम घसरू शकतं. गोळी सुरू झाल्यावर रक्त तपासायचं असतं ते यासाठी. यातल्या बहुतेक कारणांत पाणी मोजून पिणं हा उपाय असतो, मीठ वाढवणं नाही. हृदयरुग्णाने मीठ वाढवलं तर सूज आणि दम वाढेल. जुलाबाच्या रुग्णाला मात्र मीठ आणि पाणी दोन्ही हवं असतं. कारण वेगळं, उपाय वेगळा.

सोडियम हळूहळू उतरलं असेल तर मेंदूच्या पेशी दोन दिवसांत जुळवून घेतात. त्यानंतर ते भराभर वर चढवलं तर मेंदूतल्या नसांवरचं आवरण उखडतं, आणि तेही लगेच नाही, काही दिवसांनी बोलणं-गिळणं बंद पडल्यावर कळतं. म्हणून २४ तासांत ८ ते १० पेक्षा जास्त वाढू द्यायचं नाही. रुग्णाला झटके येत असतील तर तीन टक्क्यांच्या सलाईनचे १०० ते १५० मिली पटकन देतात, पण एकूण मर्यादा तीच.

पोटॅशियम: आधी पेशी, मग किडनी

सत्तर किलोच्या माणसात पोटॅशियमचा साठा साधारण ३,५०० मिलिमोल. पेशींबाहेर त्यातलं फक्त ६० च्या आसपास. एका भरपेट जेवणात ३०-४० मिलिमोल सहज असतात. ते सगळं बाहेरच्या १४ लिटरमध्ये राहिलं तर रक्तातला आकडा २ ते ३ ने चढेल. असं होत नाही, कारण जेवणानंतर सुटणारं इन्सुलिन पोटॅशियमला पेशींत ढकलतं. नंतर काही तासांत किडनी तेवढंच लघवीतून टाकते. म्हणजे इन्सुलिन वेळ मिळवून देतं, हिशेब किडनीच मिटवते. अ‍ॅड्रिनॅलीनही पोटॅशियम आत ढकलतं. दम्यासाठी सालब्युटामॉलचं नेब्युलायझेशन दिल्यावर ते थोडं उतरतं ते त्यामुळेच.

पोटॅशियम वाचवण्यात किडनी तेवढी तरबेज नाही. आहारातून ते बंद झालं तरी लघवीत दिवसाला ५ ते १५ मिलिमोल जातच राहतं. त्यामुळे नुसतं न खाण्यानेही साठा हळूहळू आटतो. रक्तातला आकडा ४ वरून ३ वर आला तर साठ्यातून साधारण २०० ते ४०० मिलिमोल गेलेले असतात. दोन गोळ्यांनी ते भरून येत नाही, दिवस लागतात.

उलट्यांमुळे पोटॅशियम कमी होतं हे सगळ्यांना माहीत आहे, पण ते उलटीतून जात नाही. जठररसात लिटरमागे फक्त ५ ते १० मिलिमोल असतं. उलटीतून जातं ते आम्ल. रक्तात बायकार्बोनेट, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा क्षार, वाढतं, ते सोडियमला घेऊन संग्राहक नलिकेपर्यंत येतं. शरीर कोरडं पडल्यामुळे अल्डोस्टेरॉनही वाढलेलं असतं. सोडियम हजर, अल्डोस्टेरॉन हजर. पोटॅशियम लघवीतून वाहू लागतं. फुरोसेमाइड आणि थायझाइडने पोटॅशियम का जातं तेही आता उघड आहे: दोन्ही औषधं संग्राहक नलिकेच्या आधी सोडियम अडवतात आणि जास्तीचं सोडियम पुढे लोटतात. स्पायरोनोलॅक्टोन आणि अ‍ॅमिलोराइड ही औषधं संग्राहक नलिकेतच सोडियमचं आत येणं रोखतात, म्हणून त्यांनी पोटॅशियम वाढतं.

पोटॅशियमच्या गोळ्या देऊनही आकडा हलत नसेल तर मॅग्नेशियम तपासावं. पेशीतलं मॅग्नेशियम पोटॅशियमच्या बाहेरच्या वाटेत बुचासारखं बसतं. ते कमी झालं की वाट उघडी पडते आणि दिलेलं पोटॅशियम लघवीत निघून जातं. आधी मॅग्नेशियम भरावं लागतं.

वाढलेलं पोटॅशियम

किडनीचं काम निम्म्यावर आलं तरी पोटॅशियम बहुतेक वेळा ठीक असतं, कारण उरलेला प्रत्येक नेफ्रॉन जास्त पोटॅशियम टाकायला शिकतो. गाळण्याचा वेग मिनिटाला १५-२० मिलीच्या खाली गेला की ही सोय संपते. त्याआधीच ते वाढलं तर औषधं बघावीत. एसीई रोधक आणि सार्टन गटाची रक्तदाबाची औषधं अल्डोस्टेरॉन कमी करतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं रेनिन कमी करतात. ट्रायमेथोप्रिम हे लघवीच्या संसर्गावरचं प्रतिजैविक अ‍ॅमिलोराइडसारखंच सोडियमचं दार अडवतं. एकेकटं औषध चालून जातं. वयस्कर, मधुमेही माणसाला सार्टन आणि स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना ट्रायमेथोप्रिम दिलं तर आठवड्यात पोटॅशियम ७ होऊ शकतं. एसीई रोधक, सार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) तपासायचं, हा नियम कधीही टाळू नये.

कमी सोडियमच्या मिठाचंही तसंच. त्यात काही सोडियम क्लोराइडऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, आणि त्या पोटॅशियम क्लोराइडच्या दर ग्रॅममध्ये सुमारे १३ मिलिमोल पोटॅशियम. चीनमधल्या ६०० गावांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात पाऊण भाग साधं मीठ आणि पाव भाग पोटॅशियम क्लोराइड वापरणाऱ्यांत पक्षाघात कमी झाले. पण गंभीर किडनीविकार असलेल्यांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. किडनी निरोगी असलेल्याला हे मीठ फायद्याचं, किडनीच्या रुग्णाला धोक्याचं.

आकडा अनपेक्षितपणे ६ आला आणि माणूस ठणठणीत असेल तर नमुना पुन्हा घ्यावा. दंडाला पट्टा बराच वेळ आवळला, मूठ वारंवार उघडझाप केली, बारीक सुईतून जोरात रक्त ओढलं किंवा नमुना तासन्‌तास पडून राहिला तर पेशींतलं पोटॅशियम नमुन्यात सांडतं आणि आकडा खोटा वाढतो. पण किडनीच्या रुग्णाच्या बाबतीत 'खोटाच असेल' म्हणून थांबू नये. ताबडतोब ईसीजी काढावा. टोकदार, उंच टी लहर, सपाट होत जाणारी पी लहर, रुंद होत जाणारं क्यूआरएस ही धोक्याची पावलं. मात्र ईसीजी साधा दिसला म्हणून ६.८ सुरक्षित होत नाही.

उपचारांचा क्रम वर सांगितलेल्या शरीरविज्ञानातूनच येतो. ईसीजी बिघडला असेल तर आधी १० टक्क्यांचं कॅल्शियम ग्लुकोनेट १० मिली शिरेतून हळू. ते पोटॅशियम कमी करत नाही, हृदयाला सांभाळतं; काही मिनिटांत काम करतं आणि अर्धा-एक तास टिकतं. मग पोटॅशियम पेशींत ढकलायचं: इन्सुलिन १० युनिट आणि २५ ग्रॅम ग्लुकोज, जोडीला सालब्युटामॉल. हा परिणाम चार-सहा तास राहतो, आणि तेवढा वेळ रक्तातली साखर दर तासाला बघावी लागते. शेवटी पोटॅशियम शरीराबाहेर काढायचं: लघवी होत असेल तर फुरोसेमाइड, आतड्यात पोटॅशियम बांधून ठेवणारी औषधं, नाहीतर डायलिसिस. पहिल्या दोन पायऱ्यांनी आकडा सुधारलेला बघून तिसरी विसरली तर काही तासांत पोटॅशियम पेशींतून परत बाहेर येतं.

पोटॅशियम वाढत असलेल्या किडनीच्या रुग्णाने भाज्या सोलून बारीक चिराव्यात, भरपूर पाण्यात उकळाव्यात आणि ते पाणी टाकून द्यावं. पोटॅशियम पाण्यात विरघळत असल्यामुळे त्याचा बराच भाग निघून जातो. वाफवून किंवा तळून तो जात नाही. बद्धकोष्ठही होऊ देऊ नये, कारण किडनी थकली की आतडं जास्त पोटॅशियम टाकायला लागतं.

आणि आपण खरोखर किती मीठ खातो हे जाणून घ्यायचं असेल तर २४ तासांची लघवी गोळा करून सोडियम मोजणं ही सगळ्यांत भरवशाची पद्धत. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची आणि वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरची प्रत्येक लघवी, दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या पहिल्या लघवीसह, डब्यात जमवायची. एकदा जरी विसरलं तरी पुन्हा पहिल्यापासून. रिपोर्टमध्ये दिवसभराचं सोडियम मिलिमोलमध्ये येईल. त्याला १७ ने भागलं की मिठाचे ग्रॅम मिळतात. थोडं सोडियम घामातून आणि शौचावाटे जातं, त्यामुळे खरा आकडा किंचित जास्तच असतो. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे डब्यात ८५ मिलिमोलच्या आत सोडियम. पहिल्यांदा मोजणाऱ्या बहुतेकांच्या डब्यात याहून बरंच जास्त निघतं.